नग्नचित्रणात स्वतःची शैली कशी घडवावी?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर):
मी प्रौढ मॉडेलच्या संमतीने कृष्णधवल नग्नचित्रण करतो. तंत्र हाती आले आहे. परंतु माझी छायाचित्रे पाहणाऱ्यांना अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन आठवतो. या अनुकरणातून बाहेर कसे पडावे?

पहिले उत्तर:
वेस्टनने १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील ओशियानो येथे वाळूच्या टेकड्यांवर त्याची मॉडेल कॅरिस विल्सन हिची नग्न छायाचित्रे काढली, ती तिथल्या उन्हाची आणि वाळूची आहेत. आपल्या नागपूरच्या महाल भागातील एखाद्या जुन्या वाड्यात मे महिन्याच्या दुपारी झरोक्यातून येणारी तिरीप इतकी प्रखर असते, की खांद्याचे हाड लख्ख उजळते आणि कमरेखालचे सारे अंधारात बुडून जाते. तो अंधार रिफ्लेक्टरने (प्रकाश परतवणाऱ्या फलकाने) भरून काढू नका. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतल्या जाणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण, उजळ भागासाठी ठेवा आणि सावलीलाच आकार घेऊ द्या.

दुसरे उत्तर:
वरील मताशी मी सहमत आहे, तरीही केवळ प्रकाशाने भागणार नाही, असे मला वाटते. ब्रिटिश छायाचित्रकार बिल ब्रँटने नग्नचित्रणासाठी अतिशय रुंद कोनाची लेन्स असलेला जुना लाकडी कोडॅक कॅमेरा वापरला. त्यात जवळचे अवयव अवाढव्य दिसत, आणि हा दोष न मानता त्याने त्यातूनच आपली दृष्टी घडवली. आपणही वर्षभर एकच लेन्स वापरून पाहावे.

तिसरे उत्तर:
ठरावीक पोझ देण्याऐवजी मॉडेलला तिच्या सवयीप्रमाणे बसू द्या, आणि निवड करताना तिलाही सोबत घ्या. ज्या चौकटीत वेस्टन दिसतो, ती कितीही देखणी असली तरी बाजूला ठेवा.