दावीदला क्षमा झाली, भोगलं कोणी?

वसईची_माय: "दावीदने पश्चात्ताप केला, देवाने क्षमा केली, विषय संपला. लोक अजून बथशेबा उगाळतात," असं काल एकाने लिहिलंय. संपला कोणाचा? बायबलमधल्या या राजाने आपल्या सैनिकाची, उरीयाची, बायको बथशेबा राजवाड्यात आणवली, तिला दिवस गेले, आणि मग उरीयाला लढाईत मारवलं. उरीया तर राब्बा शहराच्या तटाखालीच संपला. स्वतःच्या मरणाचं पत्र त्याने स्वतःच्या हाताने सेनापती यवाबाला नेऊन दिलं! नाथान संदेष्टा दावीदला सांगतो, तू मरणार नाहीस, आणि त्याच दमात, तुझं बाळ मरेल. सातव्या दिवशी बाळ गेलं. मग दावीदने आंघोळ केली आणि जेवायला मागितलं.

पंत_शंकासुर: काल लिहिणारा मीच. राजा असून 'मी पाप केलं' म्हणाला, हे दिसत नाही? त्याचं पश्चात्तापाचं स्तोत्र ५१ वाचा. आणि शिक्षा झालीच की: मुलगा अम्नोन मेला, दुसरा मुलगा अबशालोम बापावर उलटला.

वसईची_माय: आणि दावीदची मुलगी तामार? अम्नोनने तिची अब्रू घेतली. ती कुठल्या पापाची शिक्षा? बापाच्या पापासाठी मुलांना मारू नये, हे बायबलच्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातच (२४:१६) आहे.

निवृत्त_कारकून: यवाबाला सगळे सोडून देताय. पत्र वाचून निमूट हुकूम बजावला, वर निरोप्याला पढवलं: राजा भडकला तर सांग, उरीयाही मेला. आमचे साहेब तोंडी सांगायचे, सही मात्र माझी. न झालेल्या रस्त्याचं मोजमाप नोंदवायला मी नकार दिला. आठवड्यात बदली. पोरांच्या शाळा, बायकोची बोलणी, सगळं सोसलं. तेव्हा 'हुकूमाचा ताबेदार' मला ऐकवू नका.

पंत_शंकासुर: तुमची बदली झाली, यवाबाची मान गेली असती. कुठे काय जोडताय!

निवृत्त_कारकून: मान? 'अबशालोमला सांभाळा' असं राजाने सगळ्यांदेखत बजावलं होतं, तरी यवाबाने तीन भाले त्याच्या काळजात खुपसले. तेव्हा गेली का मान? मनात असलं की हुकूम मोडता येत होता त्याला. पुढे दावीदचा वारस शलमोनाने यवाबाला वेदीपाशी मारवला, तोही अबनेर आणि अमासा या त्याने मारलेल्या दोन सेनापतींच्या रक्तासाठी. उरीयाचं नावच नाही.

खवचट_काकू: कसं असेल? आरोपपत्रात राजाचं नाव आलं असतं ना!

पंत_शंकासुर: बरं बाबा, 'विषय संपला' हे शब्द मागे घेतो, दिवाळी साजरी करा. पण बथशेबा काय अगदी धुतल्या तांदळासारखी?

वसईची_माय: गच्चीवरून टक लावून बघणारा कोण होता? नवरा रणात, दारात राजाची माणसं. 'नाही, येत नाही' म्हणायची सोय होती का तिला? आधी एवढं सांगा.