साइझिंग डायमध्ये पितळी कप अडकून बसतात : दोष डायचा की जॉबचा?

प्रश्न : प्रेसशॉपचालक, वाळूज

नमस्कार. वाळूज औद्योगिक वसाहतीत माझे लहान प्रेसशॉप आहे. ७०:३० पितळेच्या (७० टक्के तांबे, ३० टक्के जस्त) ३ मिलिमीटर जाडीच्या पट्टीपासून आम्ही खोल कप ओढतो. शेवटच्या ड्रॉपर्यंत (ओढणीपर्यंत) भिंत ०.८ मिलिमीटरवर उतरते, तळ मात्र मूळ जाडीचाच राहतो. ड्रॉनंतर तोंडाकडचा भाग किंचित फाकतो, म्हणून बाहेरचा व्यास २५ मिलिमीटरवर आणण्यासाठी प्रत्येक कप साइझिंग डायमध्ये दाबून घ्यावा लागतो. डाय (साचा) डी-टू या कठीण टूल पोलादाची आणि बंद तळाची आहे. कप तळाच्या बाजूने आत जातो आणि खालच्या नॉकआउट पिनने वर ढकलला जातो. कपाची लांबी ६० मिलिमीटर आहे.

हे काम आजवर सुरळीत चालले होते. या उन्हाळ्यापासून मात्र कप आत जाताना प्रेसचा आवाज जड येतो, पंच (कप आत दाबणारा दांडा) वर निघून जातो आणि कप डायमध्येच राहतो. नॉकआउटने जोर लावला की तळ वर फुगतो, भिंतीला वळी पडते आणि कप आणखीच आवळून बसतो. जे कप निघतात त्यांच्यावर लांबीच्या दिशेने बारीक ओरखडे दिसतात आणि ते एका बाजूला नसून सगळ्या गोलाईवर असतात. डायचा व्यास बोअर गेजने (छिद्राचा व्यास मोजण्याच्या साधनाने) पाहिला, तो बरोबर आहे. तेल तेच आहे, पट्टीचा पुरवठादारही तोच आहे. ॲनिलिंग (पितळ तापवून मऊ करणे) आमच्याच भट्टीत होते आणि त्यानंतर जॉब, म्हणजे कप, सौम्य सल्फ्युरिक ॲसिडमध्ये घालून, पाण्याने धुऊन उन्हात वाळवला जातो.

आत्ता एक कप डायमध्ये अडकलेलाच आहे. डाय गॅसने तापवून तो ठोकून काढावा, असे शॉपमधल्या मंडळींचे म्हणणे आहे, पण मी अद्याप परवानगी दिलेली नाही. तो कप सुरक्षितपणे कसा काढावा, आणि मूळ कारण कोठे शोधावे, हे जाणकारांनी सांगितल्यास मोठे साहाय्य होईल.

उत्तर १ : टूलरूम, चिकलठाणा

आपण परवानगी दिली नाहीत हे फार योग्य केलेत. पितळ तापल्यावर पोलादापेक्षा जास्त फुगते. दर मीटरला दर अंशाला पितळ सुमारे २० मायक्रॉन वाढते, तर डी-टू पोलाद ११ च्या आसपास. म्हणजे डाय आणि कप दोन्ही तापले, तर कप सैल होण्याऐवजी आवळला जाईल. शिवाय गॅसची ज्योत एकाच ठिकाणी लागली तर डायचे टेंपर (कठीणपणा) तेथे उतरते, आणि मऊ पडलेली डाय नंतर कितीही पॉलिश केली तरी उपयोगाची राहत नाही.

याच्या उलट करा. पूर्ण डाय, कपासह, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा. आपल्याकडे शॉपमध्ये ४० अंश आणि फ्रीझरमध्ये उणे १८ धरले तर फरक ५८ अंशांचा होतो, आणि २५ मिलिमीटर व्यासावर पितळ पोलादापेक्षा एक शतांश मिलिमीटरहून थोडे जास्त आकसते. आकडा छोटा वाटेल, पण अडकलेला जॉब सोडवायला अनेकदा तेवढे पुरते. बाहेर काढल्यावर तोंडाच्या फटीत पातळ तेल सोडा आणि डाय पुन्हा गरम व्हायच्या आत काम उरका.

मात्र खालून ठोकू नका. आपल्या रचनेत नॉकआउट तळाला वर ढकलतो, त्यामुळे त्याच्या वरची सगळी भिंत दाबाखाली येते. दाबली गेलेली पातळ भिंत बाहेर फुगते आणि डायला अधिकच चिकटते. आपण वर्णन केलेली वळी त्यातूनच आली आहे. डायचा तळाचा ठोकळा सुटा होत असेल तर तो काढा आणि कप वरून पंचानेच खाली, पुढच्या दिशेने ढकला. तसे केल्याने तळ पुढे जातो, भिंत त्याच्यामागे ओढली जाते, आणि ओढलेली भिंत किंचित बारीक होते. ठोकळा सुटा होत नसेल तर शेवटचा उपाय लेथचा आहे. डाय चकमध्ये नीट सेंटर करून घ्या, कपाच्या आतून बोरिंग करत भिंत कागदाइतकी पातळ करा आणि उरलेले साल आत दुमडून काढा. टूल डायच्या भिंतीला मात्र मुळीच लागू देऊ नका.

डाय मोकळी झाली की दिवा आत धरून बोअर (डायचे आतले छिद्र) पाहा. पोलादावर कोठे पिवळसर पट्टा दिसतो का, ते शोधा. डोळ्यांना दिसला नाही तरी कापसाचा बोळा सगळ्या बोअरमधून फिरवा. जेथे पितळ चिकटून बसले असेल तेथे कापसाचे तंतू अडकतात. बोअर गेजला हा थर बहुधा सापडत नाही, कारण तो सलग नसतो, ठिपक्यांचा असतो. असा थर एकदा बसला की पुढचा प्रत्येक कप त्यावर आपले थोडे पितळ ठेवून जातो. तो काढताना एमरी पेपर वापरू नका. लाकडी लॅपवर (घासण्याच्या दांड्यावर) बारीक हिरा पेस्ट लावून काम करा, आणि शेवटचे पॉलिश गोल फिरवून न करता जॉबच्या हालचालीच्या दिशेनेच करा.

ओरखडे सगळ्या गोलाईवर आहेत, हे आपण नोंदवलेत ते महत्त्वाचे आहे. एकाच बाजूला असते तर पंच आणि डाय यांचे सेंटर सरकले आहे असे मी म्हटले असते. सगळीकडे आहेत, त्यामुळे माझा संशय जॉबच्या पृष्ठभागावर किंवा तेलावर आहे. जमेल तेव्हा बंद तळाची डाय सोडून आरपार डायकडे वळावे, असा माझा स्पष्ट आग्रह आहे. कप खालून बाहेर पडला की नॉकआउटचा प्रश्नच उरत नाही. पंचाला कप चिकटू नये म्हणून खाली स्ट्रिपर (पंचावरून कप ओढून काढणारा भाग) आणि पंचाला मधून हवेचे छिद्र एवढे मात्र लागेल.

उत्तर २ : पॉलिश व धुलाई विभाग, जालना

मला एकच विचारायचे आहे. तेल, पट्टी आणि डाय तेच असताना उन्हाळ्यापासूनच त्रास सुरू झाला, तर उन्हाळ्यात शॉपमध्ये नेमके काय बदलले? ॲसिडनंतर जॉब ज्या पाण्याने धुतला जातो ते कोठले आहे आणि किती वेळा बदलले जाते? वाळलेला, तेल न लावलेला एक कप उजेडात तिरका धरून पाहा. त्यावर पांढरट पापुद्रा किंवा थेंबांच्या कडांसारखे डाग आहेत का, ते कृपया कळवावे.

प्रश्नकर्ता : प्रेसशॉपचालक, वाळूज

चिकलठाण्याच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे डाय फ्रीझरमध्ये ठेवली, तळाचा ठोकळा काढला आणि कप पंचाने खाली ढकलला. तो निघाला. बोअरमध्ये तोंडापासून थोडे आत पितळेचे ठिपके आहेत, कापूस तेथे अडकतो.

जालन्याच्या आपल्या प्रश्नाचे उत्तर असे की पूर्वी आम्ही नळाचे पाणी वापरत होतो. उन्हाळ्यात पुरवठा कमी झाल्यापासून धुण्यासाठी बोअरवेलचे पाणी घेतो, आणि टंचाईमुळे एकाच टाकीतले पाणी बरेच दिवस चालवतो. वाळलेल्या कपांवर पांढरट पापुद्रा आहे. काहींवर तांबूस डागही आहेत. बोट फिरवले तर कप गुळगुळीत न लागता खरखरीत लागतो.

उत्तर ३ : निवृत्त निदेशक, औद्योगिक प्रशिक्षण, नांदेड

मग कारण बऱ्याच अंशी हाती आले आहे. आपल्या भागातील काळ्या पाषाणातले बोअरवेलचे पाणी सहसा जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. असे पाणी जॉबवर उन्हात वाळले की क्षार तेथेच राहतात. हा पापुद्रा दोन प्रकारे नडतो. तो स्वतः खरखरीत असल्याने डाय घासतो, आणि तेलाला पितळेपर्यंत नीट पोहोचू देत नाही. साइझिंगच्या दाबाखाली तेलाचा थर फाटला की पितळ थेट पोलादाला भिडते आणि तेथेच चिकटते. टाकीतले पाणी बरेच दिवस चालवल्याने त्यात ॲसिडचा अंशही साठत जातो, हे वेगळेच.

तांबूस डागांचे कारण निराळे असावे. ॲसिडच्या टाकीत लोखंडी चिमटा, तार किंवा जाळी जात असेल, तर द्रावणात विरघळलेले तांबे पितळेवर बसते. जॉब हाताळायला लाकूड, प्लॅस्टिक किंवा तांब्याचेच साधन वापरावे. द्रावण नवे करताना ॲसिड पाण्यात सोडावे, पाणी ॲसिडमध्ये कधीही ओतू नये.

पाण्याची टंचाई मी समजू शकतो, म्हणून एका मोठ्या टाकीऐवजी तीन लहान टाक्या ठेवण्याचे सुचवतो. जॉब पहिलीतून दुसरीत आणि दुसरीतून तिसरीत जावा, पाणी मात्र उलट्या दिशेने यावे. चांगले पाणी फक्त तिसरीत घालावे, तिचे जुने पाणी दुसरीला आणि दुसरीचे पहिलीला द्यावे. इतक्याच पाण्यात धुलाई कितीतरी स्वच्छ होते. शेवटची बुचकळी गरम, गाळलेल्या आणि शक्य असल्यास क्षारमुक्त केलेल्या पाण्याची असावी. जॉब उन्हात न ठेवता कोरड्या लाकडी भुशात घोळवून किंवा गरम हवेने वाळवावा. भुसा मात्र चाळलेला हवा, नाहीतर त्यातली रेती डायमध्ये जाईल.

तेलाबद्दलही सांगतो. साइझिंगसाठी पातळ तेल पुरत नाही. एरंडेल, लॅनोलिन किंवा साबणयुक्त ड्रॉइंग कंपाऊंड दाबाखाली टिकते. उन्हाळ्यात तेल पातळ होते हेही लक्षात घ्यावे. सक्रिय गंधक असलेले तेल पोलादासाठी उत्तम असले तरी पितळेवर काळे डाग पाडते, म्हणून ते टाळावे. उलट, तेल भरमसाट लावल्यास बंद तळाच्या डायमध्ये ते कोपऱ्यात कोंडते आणि कपाला खळगा पाडते, त्यासाठी तळाशी हवा जायला बारीक वाट ठेवावी लागते.

आणखी एक तपासणी करावी. ॲनिलिंग बरोबर झाले आहे का, हे सर्टिफिकेटवरून नव्हे तर कपाच्या भिंतीचा कठीणपणा मोजून पाहावे. मऊ ७०:३० पितळ ७० व्हिकर्सच्या (कठीणपणाच्या मापाच्या) आसपास असते, चांगले कठीण झालेले १५० च्या वर जाते. कठीण पितळ दाब सुटल्यावर जास्त उसळते आणि डायच्या भिंतीवर रेटून बसते. भट्टीच्या दाराजवळचे कप कमी तापत असतील तर एकाच बॅचमध्ये दोन स्वभावाचे जॉब निघतील, आणि अडकणारे कप कोठल्या ट्रेमधले आहेत हे खुणा करून पाहिल्यास ते लगेच कळेल.

उत्तर ४ : पितळी फिटिंग्ज उत्पादक, लातूर

वरील सर्व मतांशी मी सहमत आहे. साइझिंग पार पडल्यानंतरच्या एका धोक्याकडे मात्र लक्ष वेधतो. साइझ केलेल्या कपात ताण उरतो. ७०:३० पितळेत असा ताण असताना ओलावा आणि अमोनिया मिळाला, तर कप ठेवल्या जागी उभा चिरतो. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातील लष्कराची पितळी काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत ठेवल्यावर अशीच चिरत असत आणि त्यामागे घोड्यांच्या मूत्रातून येणारा अमोनिया होता. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी या प्रकाराचा अभ्यास प्रसिद्ध केला.

आपला तयार माल गोठ्याशेजारच्या किंवा युरिया ठेवलेल्या गोदामात तर जात नाही ना, हे पाहा. आमच्याकडे शेतीमालाची गोदामे भाड्याने सहज मिळतात, त्यामुळे हा प्रसंग कोणावरही येऊ शकतो. अमोनियायुक्त सफाईद्रवही मालाजवळ नको. साइझिंगनंतर कप साधारण २६० अंशांवर तासभर ठेवल्यास ताण उतरतो आणि कठीणपणा फारसा कमी होत नाही. व्यास किंचित हलू शकतो, म्हणून डायचे अंतिम माप ताण उतरवलेल्या कपावरून ठरवावे. ताण उरला आहे का, हे पाहण्यासाठी मर्क्युरस नायट्रेटची चाचणी आहे, पण त्यात विषारी पारा असल्याने ती शॉपमध्ये न करता प्रयोगशाळेतूनच करून घ्यावी.

उत्तर ५ : टूलरूम, चिकलठाणा

टंगस्टन कार्बाइडच्या रिंगबद्दल आपण पुढे विचाराल, म्हणून आधीच लिहितो. कार्बाइडला पितळ कमी चिकटते आणि ती डी-टूपेक्षा कितीतरी जास्त टिकते, पण ती ठिसूळ असते, अडकलेल्या जॉबवर हातोडा पडला की तडकते. धुलाई सुधारून, बोअर लॅप करून एक बॅच काढा. त्यातील कपांवर ओरखडे उरले नाहीत तर कार्बाइडचा खर्च यंदा करू नये. उरले, तर त्या कपांचे फोटो तोंड, मध्य आणि तळ अशा तिन्ही जागी जवळून घेऊन येथे टाकावेत.