‘विंटेज पोस्टर’ला मराठीत काय म्हणाल?

रेघोटी: एका छोट्या प्रदर्शनाच्या चित्रओळी मराठीत करते आहे. त्यात एक कार्ड आहे. निळा समुद्र, वळण घेत जाणारी आगगाडी, खाली ठळक अक्षरांत गावाचं नाव. मूळ वर्णन ‘हॉलिडे पोस्टकार्ड, विंटेज पोस्टर इलस्ट्रेशन’. मी लिहिलं, ‘जुन्या भित्तिपत्रकाचे चित्र असलेले सुट्टीचे पोस्टकार्ड’. तपासणाऱ्यांनी ‘जुन्या’ खोडून ‘पुरातन’ केलं. पुरातन म्हटलं की डोळ्यांसमोर लेणी येतात. रेल्वेच्या जाहिरातीला पुरातन कसं म्हणायचं? दुसरा शब्द सुचवा.

टाकबोरू: पुरातन नकोच. पण ‘जुने’ही अपुरं पडतं. जुनं म्हणजे वापरून विटलेलंही. विंटेजमध्ये कौतुक आहे. ‘दुर्मिळ’ कसं वाटतं?

पानगळ: पोस्टर दुर्मिळ असेल, त्याचं चित्र दुर्मिळ नसतं, कार्डं गठ्ठ्यांनी छापतात. विंटेज हा मुळात द्राक्षांच्या मळ्यातला शब्द. लॅटिन ‘विंदेमिया’ म्हणजे द्राक्षांची तोडणी, त्यावरून फ्रेंच ‘वांदांज’. वाइन कुठल्या सालच्या तोडणीची, हे सांगायला तो वापरू लागले. म्हणजे त्यात वय नाही, साल आहे. उदाहरणार्थ, पोस्टर-चित्रकार कासांद्रचं ‘नॉर एक्स्प्रेस’ हे रेल्वेचं पोस्टर 1927 चं, तर ‘1927 चे पोस्टर’ लिहावं. विशेषण लागतच नाही.

रेघोटी: साल कुठेच दिलेलं नाही हो. आणि कार्ड कोरं करकरीत आहे.

शिळाछाप: मग आधी हे ठरवा, की ही जुन्या पोस्टरची प्रत आहे, की आजच्या चित्रकाराने जुन्या वळणावर काढलेलं चित्र? दोन्हींना एकच शब्द लावला तर वाचणाऱ्याची फसगत होते. कार्डावर भिंग धरून उपयोग नाही, ऑफसेटवर छापलेल्या कुठल्याही कार्डावर ठिपक्यांची जाळीच दिसणार. मूळ पोस्टर दगडावरून छापलेलं असेल, तर त्यावर अशी जाळी नसते. खडू घासल्यासारखा वेडावाकडा दाणा असतो. तेलकट खडूने दगडावर काढायचं, दगड ओला करायचा. ओल्या जागी शाई धरत नाही, तेलकट जागी धरते. जर्मनीतल्या झेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या अखेरीस हे तंत्र शोधलं. प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे, म्हणून चित्रकार रंग जपून वापरत. समुद्राला सपाट निळा, सावलीला जांभळा, संपलं. ‘जुन्या पोस्टरसारखं’ असं आपण ज्याला म्हणतो त्यातलं निम्मं रूप या काटकसरीतून आलं आहे. आपल्याकडे याला ‘शिळाप्रेस’ म्हणत. किती नेमका शब्द, आणि आज कुणी वापरत नाही!

टाकबोरू: वा! मग ‘शिळाछाप चित्राचे कार्ड’ का नको?

शिळाछाप: कारण कार्ड शिळाछाप नाही.

पाटीपेन्सिल: माझा आक्षेप ‘भित्तिपत्रका’ला. महाविद्यालयात आम्ही भित्तिपत्रक काढायचो. हाताने लिहिलेले लेख, कविता, कडेला वेलबुट्टी, आणि त्याचं रीतसर उद्घाटन. माझ्यासाठी भित्तिपत्रक म्हणजे तेच. जाहिरातीचं ते पोस्टर. सरळ पोस्टर लिहा.

उंबरठा: असं करत गेलो तर मराठीत क्रियापदंच उरतील. ‘भित्ति’ आणि ‘पत्रक’ दोन्ही आपले, अर्थ आरशासारखा स्वच्छ. वापरत नाही म्हणून रुळत नाही. आणि पोस्टर तरी काय, टपालाच्या ‘पोस्ट’मधूनच आलेलं. पोस्टकार्डावर पोस्टर हा दुहेरी पोस्टचा मारा कशाला?

पानगळ: ते दोन वेगळे पोस्ट आहेत, उंबरठा. पोस्टरमधला पोस्ट म्हणजे खांब, लॅटिन ‘पोस्टिस’. खांबावर डकवायचं ते पोस्टर. टपालातला पोस्ट ‘पोनेरे’, म्हणजे ठेवणे, यावरून. वाटेवर ठरावीक अंतरावर ठेवलेले घोडे आणि स्वार. इंग्रजीत येईतो दोन्ही एकसारखे दिसू लागले.

उंबरठा: ठीक, पण मग खांबापेक्षा भिंत अधिक बरी. भित्तिपत्रकच लिहा.

पाटीपेन्सिल: आणि ‘पोस्टकार्ड’ तुम्हाला चालतं?

उंबरठा: चालतं. ते रुळलं. नुसतं ‘कार्ड’ही चालतं. ‘पोचल्यावर कार्ड टाक’ यात परकं काही वाटत नाही.

पाटीपेन्सिल: पोस्टरही तसंच रुळलं, एवढंच म्हणते आहे.

कोपरा: मुळात ‘हॉलिडे’ कुठला? अमेरिकन माणूस हॉलिडे कार्ड म्हणाला तर ते नाताळ-नववर्षाचं शुभेच्छापत्र. ब्रिटिश म्हणाला तर फिरायला गेलेल्याने धाडलेलं चित्रकार्ड. मागची बाजू बघा, मध्ये उभी रेघ आहे का? ब्रिटनमध्ये 1902 पासून आणि अमेरिकेत 1907 पासून डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता अशी सोय झाली. त्याआधी मागे फक्त पत्ता. निरोप चित्राच्या कडेला कोंबावा लागे.

रेघोटी: रेघ आहे. चित्र उन्हाळ्यातलं आहे, म्हणून सुट्टी धरली.

टाकबोरू: ‘सुटी’ लिहा. सुटणे, सुटका, सुटी. दोन ट हिंदी ‘छुट्टी’च्या संगतीने आले असावेत.

पाटीपेन्सिल: मग सुटे पैसे ‘सुट्टे’ कुणाच्या संगतीने झाले? चिठीची चिठ्ठी? जोर द्यायचा झाला की मराठी माणूस अक्षर दाबून म्हणतोच. शाळेच्या शेवटच्या दिवशी कुठल्या मुलाने एका ट ने ‘सुटी’ म्हटलेलं ऐकलंय का?

टाकबोरू: ओरडताना दोन असतील, लिहिताना एकच. चित्रओळ ओरडण्यासाठी नसते.

उंबरठा: इथे टाकबोरूंशी सहमत. आणि भित्तिपत्रकातला ‘त्ति’ ऱ्हस्वच ठेवा, प्रदर्शनांत सर्रास दीर्घ दिसतो.