मदत हवी: चॅटमधला नग्न फोटो बघायचा की नाही, हे घेणाऱ्याच्या हातात कसं द्यावं?

प्रश्न: डेटिंग ॲपच्या चॅटमध्ये फोटोची सोय द्यायची आहे. सरसकट बंदी नको, दोघांना चालत असेल तर हरकत नाही. सध्या नग्नता ओळखणाऱ्या एआय मॉडेलने तपासून ॲपमध्ये फोटो धूसर करतो. पुरेल का?

उत्तर १: नाही पुरणार. ॲपमध्ये धूसर केलं तरी मूळ फोटो फोनवर उतरलेलाच असतो. कॅशेत (ॲपच्या तात्पुरत्या साठ्यात) पडून राहतो, नोटिफिकेशनमध्ये उघडा दिसतो. आधी फक्त ब्लरहॅश पाठवा (वीस-तीस अक्षरांची ओळ, तिच्यातून नुसते रंगांचे डाग उमटतात). मूळ फाइल 'दाखवा' दाबल्यावरच उतरू द्या. नोटिफिकेशनमध्ये 'फोटो आला आहे' एवढंच.

तपासणी सर्व्हरवर करा, पाठवणाऱ्याच्या फोनवर विसंबू नका. बम्बल या डेटिंग ॲपने २०२२ मध्ये सर्वांना वापरायला खुलं केलेलं 'प्रायव्हेट डिटेक्टर' मॉडेल सुरुवातीला चांगलं. आयफोनच्या आयओएस १७ पासून ॲपलचीही तयार तपासणी आहे, पण फोनच्या मालकाने सेटिंग चालू केलं नसेल तर ती कामच करत नाही. चॅट एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड (फक्त त्या दोघांच्याच फोनवर उलगडणारं) असेल तर सर्व्हरला काही दिसत नाही. मग घेणाऱ्याच्या फोनवर, चित्र पडद्यावर येण्याआधी तपासा.

धूसर करण्याचा उंबरठा खालीच ठेवा, म्हणजे थोडी शंका आली तरी फोटो झाका. समुद्रकिनाऱ्यावरचा फोटो चुकून झाकला गेला तर एक टॅप जास्त, बाकी काही बिघडत नाही. खातं मात्र नुसत्या मॉडेलच्या भरवशावर बंद करू नका.

उत्तर २: असे फोटो घ्यायची परवानगी व्यक्तीगणिक हवी, कधीही मागे घेता येणारी. आणि फोटो उघडला की नाही हे पाठवणाऱ्याला कळू देऊ नका, नाहीतर 'बघितला का नाहीस?' सुरू होतं.

'रिपोर्ट' दाबताच प्रत वेगळी जपा, मग चॅटमधून काढा. अनेक ॲप नेमकी इथे चुकतात: फोटो पुसला, पुरावाही गेला. आयटी नियम २०२१ प्रमाणे काढलेल्या मजकुराची नोंद १८० दिवस ठेवावी लागते. स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध पुरुषाने अश्लील चित्र दाखवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. तक्रार झाली तर ती प्रत लागेल.

प्रश्नकर्ता: परवानगी नोंदणीच्या वेळीच विचारावी का?

उत्तर २: नको, तिथे लोक न वाचता 'पुढे' दाबतात. पहिला झाकलेला फोटो आला की विचारा, आणि आधीपासून 'नको' हाच पर्याय निवडलेला ठेवा.