बेगमपुरा आणि परिसर: आपले अनुभव

छत्रपती संभाजीनगरला येणारा पाहुणा बीबी का मकबरा पाहून लगेच वेरूळच्या रस्त्याला लागतो आणि खाम नदीपलीकडचा, तटाबाहेरचा बेगमपुरा पाहायचा राहून जातो. या परिसरात जे राहिले, शिकले किंवा कामानिमित्त वावरले, त्यांनी आपले अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती.

बेगमपुऱ्यातील निवृत्त शिक्षिका

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी पाहुणे आले की दुपारी त्यांना पाणचक्कीला न्यायचे, हे ठरलेलेच असे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या या आवारात डोंगरातील झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून आणलेले आहे. ते उंच भिंतीवरून हौदात कोसळते आणि त्याच पाण्याच्या जोरावर फिरणाऱ्या जात्यावर पूर्वी फकिरांसाठी व यात्रेकरूंसाठी पीठ दळले जाई. हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत असल्यामुळे भर वैशाखातही तेथे गारवा जाणवतो. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० साली खडकी, म्हणजे आजचे हेच शहर, वसवले आणि पुढे त्याला नहरीने, म्हणजे जमिनीखालच्या कालव्याने, पाणी दिले. ती परंपरा बेगमपुऱ्यात थत्ते हौदापर्यंत दिसते. टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या मराठवाड्यातील प्रत्येक शाळेने मुलांना मकबऱ्याआधी ही जलव्यवस्था दाखवावी, असे मला मनापासून वाटते.

नागसेनवनाचा माजी विद्यार्थी, मूळ बीड जिल्हा

आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने १९५० साली शहरात महाविद्यालय सुरू केले, त्याचाच परिसर म्हणजे नागसेनवन, पुढच्याच वर्षी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसली, आणि गावोगावच्या शेतमजुरांची मुले वसतिगृहात राहून पदवीधर झाली. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली स्थापन होईपर्यंत आपल्याकडील महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती, हे आजच्या मुलांना सांगावे लागते. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देणाऱ्या १९९४ च्या नामविस्तारामागे लोकांनी किती सोसले, हेही सांगितलेच पाहिजे.

मकबऱ्याजवळ राहणारे

औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम यांच्या या कबरीला ताजमहालाची नक्कल म्हणून सोडून देणे मला पटत नाही. भिंतीजवळ उभे राहून पाहिल्यास संगमरवर खालच्या पट्ट्यापुरता आणि घुमटाला वापरलेला दिसतो. मधला भाग दगडी बांधकामावरील पांढऱ्या गिलाव्याचा आहे, आणि त्यावरील वेलबुट्टीत कारागिरांचा स्वतंत्र हात ओळखू येतो. प्रवेशद्वारावरील लेखात अताउल्ला आणि हंसपत राय यांची नावे आहेत.

विद्यापीठातील संशोधक विद्यार्थिनी

विद्यापीठामागच्या डोंगरातील बौद्ध लेण्यांकडे सकाळी लवकर जावे. सातव्या लेण्याच्या गाभाऱ्यात मधोमध नृत्यांगना आणि तिच्या दोन्ही बाजूंना वाद्ये वाजवणाऱ्या सहा स्त्रिया कोरलेल्या आहेत. बाहेर अवलोकितेश्वर हा करुणेचा बोधिसत्त्व आठ संकटांतून भक्तांना सोडवतो आहे. उतरताना डोंगराच्या पायथ्याचा सोनेरी महाल आणि त्यातील संग्रहालय पाहून घ्यावे. पिण्याचे पाणी सोबत ठेवावे.