मुलगा वर्षात साडेतीन सेंमीच वाढला, ग्रोथ हार्मोनची टेस्ट करू का?

बार्शीकर_आई: मुलगा आठ वर्षांचा. प्रार्थनेच्या रांगेत कायम पहिला, गेल्या दिवाळीची पँट अजून घोट्यापर्यंत येते. सासूबाई म्हणतात, "याचे आजोबाही उशिरा वाढले." डॉक्टरांनी डाव्या हाताचा एक्स-रे काढला, हाडांचं वय साडेपाच आलं. आता दिवसभर ठेवून रक्त घ्यायची टेस्ट सांगितलीय. एकदाच रक्त घेऊन कळत नाही का? तोवर उंचीची पावडर देऊ का?

निशाचर: पावडर नको. थायरॉइड आणि सीलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लुटेनने आतडं बिघडतं तो आजार) बघितलंय का? त्यानेही वाढ खुंटते.

सायलीची_मम्मी: ताई, माझ्या मुलीचं ग्रोथ हार्मोनचं इंजेक्शन चालू आहे म्हणून लिहिते. आजोबांचं खरंही असेल, उशिरा वाढणाऱ्या मुलांचंही हाडांचं वय मागे असतं. पण ती मुलं सावकाश का होईना, वाढत राहतात. या वयात वर्षाला पाच सेंमी तरी हवेत, साडेतीन म्हणजे बघायलाच हवं.

हे हार्मोन मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून अधूनमधून सुटतं, जास्त करून रात्री गाढ झोपेत. दिवसा एकदाच रक्त घेतलं तर निरोगी मुलाचंही शून्याजवळ येऊ शकतं. म्हणून औषध देऊन ते मुद्दाम सोडायला लावतात. आमच्याकडे क्लोनिडिनची गोळी दिली. उपाशीपोटी नेलं, हाताला सुई एकदाच टोचून ठेवली आणि दर अर्ध्या तासाने तिथूनच रक्त घेतलं. गोळीने बीपी उतरतं, पोरगी नुसती पेंगत होती. बाथरूमला एकटं सोडू नका. नंतर खायला डबा न्या, फार चिडतात. बहुतेक ठिकाणी दोन वेगळ्या औषधांनी टेस्ट करतात, कमतरता निघाली तर मेंदूचा एमआरआय.

बार्शीकर_आई: आणि रोज टोचायचं? रडत नाही?

सायलीची_मम्मी: पहिले काही दिवस घर डोक्यावर घेतलं. आता इंजेक्शनच्या पेनवरचा डोसचा आकडा तीच फिरवते. सुई बारीकशी असते. रात्री झोपताना, आज डावी मांडी, उद्या उजवी, मग कुल्हा. एकाच जागी टोचलं तर कातडीखाली खड्डा किंवा गाठ होते. खरी कटकट फ्रिजची. २ ते ८ अंश हवं, पण गोठलं की औषध फेकायचं, म्हणून बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवू नका. एसटीने गावी जाताना थर्मासमध्ये बर्फाची पिशवी टाकते आणि मध्ये टॉवेल.

खर्च मोठा आहे, लपवत नाही. डोस वजनावर असतो, म्हणजे पोर वाढेल तसं बिलही वाढतं. सरकारी मेडिकल कॉलेजात आधी चौकशी करा. हाडांची टोकं जुळली की उंचीसाठी उपयोग नाही, त्यामुळे 'दहावीनंतर बघू' हे इथे चालत नाही.

निशाचर: इंजेक्शन सुरू झाल्यावर डोकं दुखून उलट्या झाल्या, धूसर दिसलं किंवा मुलगा लंगडायला लागला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.