आद्यांत्र, ग्रहणी आणि पक्वाशय

प्रश्न: दुर्बिणीच्या तपासणीच्या अहवालात 'ड्युओडेनम' असा उल्लेख आहे. मराठी लेखनात त्यासाठी कुठे आद्यांत्र, कुठे ग्रहणी, तर कुठे पक्वाशय असे शब्द आढळतात. हे सारे एकाच अवयवाचे नाव आहे का?

उत्तर: नाही, हे शब्द सर्वस्वी समानार्थी नाहीत. जठराच्या निर्गमद्वारापासून निघून स्वादुपिंडाच्या शीर्षाभोवती घोड्याच्या नालेसारखा वळसा घेणारा, सुमारे २५ सेंटिमीटर लांबीचा लहान आतड्याचा पहिला भाग म्हणजे आद्यांत्र. त्यापुढे मध्यांत्र व शेषांत्र येतात. अहवालातील 'डी-१', 'डी-२' या खुणा त्याच्या चार उपभागांपैकी पहिल्या दोहोंच्या असतात. त्यांतील दुसऱ्याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची मुख्य नलिका बहुधा एकत्र येऊन तेथेच उघडतात.

जठरातून आम्लधर्मी अन्नरस उतरला की आद्यांत्राच्या अस्तरातून सिक्रेटिन हे संप्रेरक रक्तात मिसळते आणि स्वादुपिंड बायकार्बोनेटयुक्त स्राव सोडून ती आम्लता शमवते. अन्नात मेद असल्यास कोलेसिस्टोकायनिन हे दुसरे संप्रेरक पित्ताशयाला आकुंचन पावायला लावते. सिक्रेटिनचा शोध इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ बेलिस आणि स्टार्लिंग यांनी १९०२ मध्ये लंडनला लावला, आणि ज्याला आपण संप्रेरक म्हणतो त्यासाठी 'हॉर्मोन' हा शब्द स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये वापरला. लोहाचे शोषणही मुख्यतः याच भागात होते.

ग्रहणीची कल्पना वेगळ्या वाटेने आली आहे. चरकसंहितेत ती नाभीच्या वर असलेले अग्नीचे, म्हणजे पचनशक्तीचे, अधिष्ठान आहे. ती अपक्व अन्न धरून ठेवते व पक्व झालेले पुढे सोडते. सुश्रुतसंहितेत आमाशय (जठर) आणि पक्वाशय यांच्यामधील पित्तधरा कलेला, म्हणजे पित्त धारण करणाऱ्या पटलाला, ग्रहणी म्हटले आहे. ही व्याख्या कार्यावर उभी असल्यामुळे तिला नेमक्या २५ सेंटिमीटरांत बसवणे मला पटत नाही. शिवाय बोलण्यात ग्रहणी किंवा संग्रहणी म्हणजे जुनाट जुलाबाचा विकार, आणि रुग्णाने 'ग्रहणीला सूज' असे वाचले तर त्याचा गोंधळ होणारच.

पक्वाशय हा शब्द मात्र या अर्थी टाळावा असे माझे ठाम मत आहे. सुश्रुताच्या त्याच वचनानुसार पक्वाशय ग्रहणीच्या पलीकडे असतो, आणि वैद्य त्याचा अर्थ सामान्यतः मोठे आतडे असा घेतात.

पुरवणी: 'ड्युओडेनम'च्या मुळाशी बारा ही संख्या आहे. ग्रीक वैद्य हिरॉफिलस याने या भागाची लांबी बारा बोटांच्या रुंदीइतकी मानली होती, आणि त्याच्या ग्रीक नावावरून लॅटिन शब्द घडला. आद्यांत्र हे नाव लांबी न सांगता स्थान सांगते. लिहिताना ते नपुंसकलिंगी ठेवावे: 'आद्यांत्र सुजले आहे', 'आद्यांत्रातील व्रण'. रुग्णाला द्यायच्या कागदावर पहिल्या उल्लेखाशेजारी 'लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग' एवढे जोडले, तर अर्थाबद्दल शंका उरत नाही.